चटईक्षेत्राचा हिशेब आणि इंदिरानगरचे आकाश

मजल्यांचे एकूण क्षेत्रफळ भूखंडाच्या किती पट असावे, हे ठरविणाऱ्या प्रमाणाला कर्नाटकात एफ.ए.आर. म्हणतात. महाराष्ट्राच्या सरकारी मराठीत त्याचे नाव ‘चटईक्षेत्र निर्देशांक’. हा शब्द घडविणाऱ्या अनाम कारकुनाचे आम्हांला कौतुक वाटते. चाळीच्या खोलीत रात्री चटया पसरल्या की जमीन दिसेनाशी होते, हे त्याने पाहिलेले असले पाहिजे.

बांधकामाच्या या निर्बंधांचे मूळ पैशात नसून रोगराईत आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीत ऊनवारा शिरावा म्हणून 1898 साली तेथे सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याच साली प्लेगने बंगळूर गाठले. मल्लेश्वरम व बसवनगुडी या मोकळ्या वस्त्या त्यातून उभ्या राहिल्या. घराभोवती जागा सोडावी, शेजाऱ्याचा उजेड अडवू नये, एवढाच त्या काळच्या नियमांचा आशय होता.

आमचे इंदिरानगर याच परंपरेतले. 1945 साली स्थापन झालेल्या नगर सुधार मंडळाची जागा 1976 साली बंगळूर विकास प्राधिकरणाने घेतली. त्याच दशकात ही वसाहत आकारास आली. तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठ फुटांचा भूखंड, त्यावर बैठे घर, मागे नारळ नि कढीपत्ता. येथील पत्त्यांत आजही ‘एच.ए.एल. दुसरा टप्पा’ असे लिहितात. तो विमानांचा कारखाना 1940 साली उभारला सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.

आकाश विकता येते, हे मात्र पुढे कळले. 1978 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा चढविण्यास नकार देणारा नगराचा निर्णय उचलून धरला; तसे करताना, स्थानकावरचा न वापरलेला हक्क मालकाला जवळच्या भूखंडांवर नेता येतो, ही गोष्टही न्यायालयाने विचारात घेतली. मुंबईने 1991 च्या नियमावलीत हेच तत्त्व आणले. रस्त्यासाठी वा उद्यानासाठी जमीन देणाऱ्यास रोख रकमेऐवजी विकास हक्काचे प्रमाणपत्र मिळू लागले आणि ते बाजारात विकता येऊ लागले. शहरात सोडलेली जमीन उपनगरात मजला होऊन उगवली! निर्देशांक एक असलेल्या पार्ल्या-मुलुंडच्या भूखंडांवर त्यामुळे दुप्पट बांधकाम चढू शकले. जुन्या सोसायट्यांतील आपल्या आप्तांना मोठी घरे मिळाली, हे खरे, आणि त्यांचा हेवा करण्याचे कारण नाही. पण रस्ते होते तेवढेच राहिले.

कर्नाटकानेही पुढे रस्तारुंदीसाठी असेच हक्क देण्याची तरतूद केली. 2007 च्या बृहत् आराखड्याने निवासी भागात व्यापाराला अधिक वाव दिला, आणि 20 ऑक्टोबर 2011 रोजी चिन्मय मिशन रुग्णालय रस्त्यावरून मेट्रो धावू लागली. शंभर फुटी रस्त्यावरील बैठी घरे एकेक करून उपाहारगृहे झाली. आता वृद्ध दांपत्य, परदेशी मुले आणि दारी आलेला बांधकाम व्यावसायिक, हे चित्र आपल्या मंडळातील अनेक घरांत दिसते. विकणाऱ्यास दोष कोण देणार? जिने चढणे ज्यांच्याने होत नाही, त्यांना लिफ्टचे घर हवेच असते. मात्र करारात चटईक्षेत्राचा चौरस फुटागणिक हिशेब असतो; कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून उपसून येते, त्याचा नसतो. बैठ्या घरांसाठी टाकलेल्या गटारांचा आणि शेजारणीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरील उन्हाचाही नसतो.

एक अडसर तेवढा अजून टिकून आहे. मे 2008 मध्ये प्रवासी विमाने देवनहळ्ळीला गेली, तरी वालचंदांच्या कारखान्यालगतची जुनी धावपट्टी वापरात आहे आणि तिच्या परिसरात इमारतींच्या उंचीला मर्यादा आहे.