न विचारता वाढवलेली फौज

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला इतिहास होता, एवढीच या विषयावर बोलण्याची माझी पात्रता. पण जव्हार-मोखाड्याकडच्या माणसाला दुसऱ्या महायुद्धाबद्दल एक प्रश्न पडतोच. १९३९ साली दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली. एवढी फौज वाढवताना विचारलं कोणाला?

त्या वेळी जव्हार हे स्वतंत्र संस्थान होतं आणि शेजारचा मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात होता. जव्हारचे तरुण राजे यशवंतराव मुकणे स्वतः हवाई दलात दाखल झाले. राजाला स्वतःचा निर्णय घेता आला. प्रजेचं तसं नव्हतं. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, तेही निवडून आलेल्या एकाही माणसाला न विचारता. महिन्याभरात, २ ऑक्टोबरला, मुंबईच्या गिरणी कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. नोव्हेंबरात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलं.

पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि सरकारला फौज वाढवण्याची घाई झाली. ऑगस्टमध्ये व्हाइसरॉयनी कार्यकारी मंडळात जागा वाढवून देऊ, युद्ध सल्लागार मंडळ नेमू, असं सांगितलं. याचं उत्तर वर्ध्याजवळच्या पवनारहून आलं. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे उभे राहिले आणि या युद्धाला माणसं देणं किंवा पैसा देणं चूक आहे, असं त्यांनी गावकऱ्यांना साध्या शब्दांत सांगितलं. चार दिवसांनी त्यांना पकडलं, तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्या काही महिन्यांत वीस-पंचवीस हजार माणसं अशीच एकेकटी उभी राहून तुरुंगात गेली. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना आझादही त्यांतच.

ही टीका शस्त्राला भिणाऱ्यांची होती असं कोणी समजू नये. ती त्याआधी बावीस वर्षं लोकमान्य टिळकांनी केली होती, आणि त्यांना भित्रा कोण म्हणेल? १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद भरवली. विषय एकच, आणखी माणसं द्या. टिळक बोलायला उठले आणि स्वराज्याचा प्रश्न काढताच गव्हर्नरांनी त्यांना अडवलं. टिळक सभा सोडून निघून गेले. निषेधाची सभा झाली तिचे अध्यक्ष गांधीजी. गंमत अशी की तेच गांधीजी त्याच महिन्यात खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करू लागले. टिळकांनी त्यांना ५० हजारांचा चेक पाठवला. हिंदी माणसाला फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळेल असं सरकारकडून वचन आणा, मी पाच हजार मराठी जवान भरती करून देतो. न दिले तर हे पैसे तुमचे. गांधीजींनी चेक परत केला. मला या दोघांत टिळकांचा व्यवहार जास्त पटतो. शिपाई हवा असेल तर त्याची किंमत आधी ठरवा, हे त्यांचं सरळ म्हणणं होतं.

अर्थात फौजेचं दार उघडणं हीच ज्यांची मागणी होती, त्यांना हा बहिष्कार कसा पटावा? पहिल्या महायुद्धात उभी केलेली महारांची पलटण १९२१ साली मोडली गेली होती. डॉ. आंबेडकरांनी पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सावरकर हिंदू तरुणांनी भरती व्हावं म्हणून सभा घेत होते. एकाच फौजेकडे मराठी माणूस इतक्या बाजूंनी पाहत होता.

आमच्या डोंगरातल्या वारली, कोकणा, कातकऱ्याकडे मात्र कोणाचंच लक्ष नव्हतं. इंग्रजांच्या लढवय्या जातींच्या यादीत तो नव्हता. पण विनोबांनी सांगितलेल्या दोन गोष्टींतली दुसरी, पैसा, त्याच्याकडूनही वसूल झाली. ती कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. इथून विलायतेसाठी जो खर्च होई, त्याची रक्कम लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावावर जमा होई. इथे मात्र त्यापोटी नोटा छापल्या जात. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सहापटीच्या आसपास गेल्या. धान्य, कापड, रॉकेल महागलं आणि मग मिळेनासं झालं. कराची पावती न फाडता गरिबाच्या ताटातून घेतलेला हा कर होता. माझी दादी सांगायची की कंट्रोलच्या त्या दिवसांत कफनाच्या कापडासाठीही चिठ्ठी आणावी लागे. दुकान असलेल्या घरात ही अवस्था, तर लंगोटीवर राहणाऱ्याचं काय झालं असेल!

गोदावरी परुळेकर हे नाव या भागात सर्वांना ठाऊक आहे. पण वारल्यांमध्ये येण्यापूर्वी, १९४० साली, त्या युद्धविरोधी प्रचारासाठीच तुरुंगात गेल्या होत्या, हे फारसं कोणी सांगत नाही. पुढे १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्यांच्या पक्षाने भूमिका बदलून युद्धाला पाठिंबा दिला. त्यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. १९४५ मध्ये त्या उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांवर हिंडू लागल्या, तेव्हा तिथे वेठ होती, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी होते आणि महागाईच्या दिवसांतही गवत कापण्याची मजुरी आण्यांत मोजली जात होती. वारल्यांनी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम सव्वा महिना झाला होता.