अजिंठ्याच्या जळालेल्या नकला

वाघूर नदीकाठची अजिंठ्याची लेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. पण तिथली चित्रे उतरवून घेणाऱ्यांच्या नशिबी काय आले, ती हकिगत फारशी कोणाच्या कानावर नसते.

१८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. या गृहस्थाने दहाव्या लेण्यातल्या एका चित्रावरच आपले नाव नि तारीख कोरून ठेवली! पुढे १८४४ च्या सुमारास कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. आत उजेड बेताचा, वर वटवाघळांचा वावर. तशात जवळजवळ वीस वर्षे खपून गिलने तैलरंगात मोठमोठे पट रंगवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथे लागलेल्या आगीत बहुतेक सारे जळाले!

१८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. १८८५ साली लंडनलाच दुसरी आग लागली आणि त्यांतल्याही शंभराहून अधिक गेल्या.

मग उरले काय? गिलजवळ कॅमेरा होता. आपल्या दोन डोळ्यांसारखी, जराशा अंतराने घेतलेली जोडचित्रे तो काढी. दुहेरी भिंगातून पाहिले की खांबामागचा खांब अगदी खराखुरा दिसे. लेण्यांची त्याची छायाचित्रे १८६४ साली पुस्तकांतून निघाली. ग्रिफिथ्स यांच्या निवडक नकला १८९६-९७ मध्ये दोन खंडांत छापल्या गेल्या. भिंतीवरून पुढे झडून गेलेले काही भाग आज त्या छापील पानांवरच पाहावे लागतात.

यातले मर्म ध्यानात घ्या. रंगवलेला पट एकुलता एक. तो जळाला की संपला. छापलेले चित्र मात्र चार घरी गेलेले असते. एका घरी आग लागली तरी तीन ठिकाणी ते राहते.

गुरुजी, आपल्या गावातही जुन्या वाड्याच्या भिंतीवर एखादे चित्र असेल, कोणाच्या ट्रंकेत आजोबांचा पिवळा पडलेला फोटो असेल. मुलांना तो आणायला सांगा. त्यात कोण आहे, कुठला, कोणत्या साली काढलेला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या. आज प्रत काढायला क्षण पुरतो. एक प्रत शाळेत ठेवा, एक दुसऱ्या गावी पाठवा. हे काम पावसाळ्यापूर्वी झालेले बरे.