लेकरू आजारी असलं तर अंगणवाडीत पाठवायचं का? कधी चालतं, कधी घरीच ठेवायचं, वाचा सविस्तर

खुरपणीला जायची घाई असते, मजुरांचा ऑटो दारात उभा असतो आणि लेकराचं अंग गरम लागतं. मग तापाचं गोड औषध पाजून त्याला अंगणवाडीत सोडलं जातं. पण या औषधाचा असर साधारण चार ते सहा तास राहतो. खिचडीच्या वेळेला ताप पुन्हा चढतो, तेव्हा आई शेतात असते आणि फोनला रेंज नसते. औषधाने ताप दबतो, आजार तिथंच असतो. पावसाळ्यात गावोगावी हे घडतं.

२ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेतून अंगणवाड्या आल्या. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथं बसतात, शिजवलेला आहार खातात. एकच खोली, एकच सतरंजी, पाण्याची भांडीही तीच. त्यामुळे एकाचा आजार आठवडाभरात दहा घरांत जातो.

साधी सर्दी असेल, नाक गळत असेल, पण लेकरू खेळतंय आणि जेवतंय, तर खुशाल पाठवावं. शेंबूड पिवळा झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. डोक्यात उवा असतील तरी घरी ठेवायची गरज नाही, फणी फिरवून उपचार सुरू करावेत.

ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल तर मात्र घरीच. औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही, मगच पाठवावं. जुलाब-उलट्या थांबल्यावरही दोन दिवस घरी ठेवलेलं बरं. घरी ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाने, बहुतेक एक लिटर पाण्यात, पूर्ण कालवावी. अर्धी पुडी ग्लासात टाकू नये. सोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यायची, सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलीग्रॅम. जुलाब थांबले तरी गोळी मध्येच सोडायची नाही. दोन्ही वस्तू आशाताईकडे विचाराव्यात. जुलाबात जेवण तोडायची जुनी सवय आहे, ती लेकराला आणखी खंगवते.

अंगावर काही उठलं की बऱ्याच घरांत कडुनिंबाचा पाला ठेवतात आणि कोणाला सांगत नाहीत. इथंच घोटाळा होतो. गोवरात आधी ताप, खोकला, लाल डोळे आणि मग चेहऱ्यापासून पुरळ येतं. पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत तो पसरतो. म्हणून पुरळ आल्यावर निदान चार दिवस घरी ठेवावं आणि आशाताईला त्याच दिवशी कळवावं. दवाखान्यात अ जीवनसत्त्वाचा डोसही मिळतो. लसीचे दोन डोस झालेत का, कार्ड बघावं: पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पाठवू नये. डोळे आले असतील तर चिपडं येणं थांबेपर्यंत घरी, टॉवेल वेगळा. खरजेचं मलम मात्र एकट्या लेकराला लावून भागत नाही, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. दुसऱ्या दिवशी पाठवलं तरी चालतं.

काही वेळा घरी थांबणंही धोक्याचं. एक ते पाच वर्षांचं लेकरू शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पाणीही पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, सुस्त पडलं असेल किंवा झटका आला असेल, तर थेट दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

आता खरी अडचण. घरी ठेवलं की आईची दिवसाची मजुरी बुडते आणि लेकराचा अंगणवाडीतला आहारही. आधीच वजन कमी असलेल्या पोराला ते परवडत नाही. म्हणून न पाठवण्याचं कारण सेविकाताईला सकाळीच सांगावं. घरी भेट देणं हे त्यांच्या कामातच आहे, शिवाय बाकीच्या मुलांवरही त्यांची नजर राहते. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावं आणि वजन करून घ्यावं. खुरपणीत वारंगुळा चालतो, तसा आजारी लेकरामागे थांबायचाही चालू शकतो. आज एकीने थांबायचं, पुढच्या वेळी दुसरीने.

सेविकेलाही तापलेलं पोर परत पाठवताना अवघड जातं, ‘आमच्याच पोराचा खाऊ बुडवला’ असं ऐकावं लागतं. पावसाळा लागायच्या आधी पालकसभेत एकदाच ठरवून घेतलं, कोणत्या आजारात किती दिवस, आणि ते भिंतीवर लिहिलं तर रोजचा वाद मिटतो. प्रत्येक लेकराच्या नावापुढे दोन मोबाइल नंबर असावेत. आईचा शेतात लागत नसेल तर ज्याचा लागतो त्याचा.