ऑगस्टातले बारा दिवस

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पसंतीक्रमाच्या मतदानाची गोष्ट बहुतेक जण २०१६ च्या सार्वमतापासून सांगतात. मी ती १८७८ पासून सांगते, कारण गाठ तिथली आहे.

तेव्हा गव्हर्नर व्हायला निम्म्याहून अधिक मतं लागत. ती कुणालाच न मिळाल्यास निवड विधिमंडळाकडे जाई. १८७८ मध्ये तशी गेली आणि लोकांच्या मतांत तिसरे आलेले डॉ. अलॉन्झो गार्सेलन गव्हर्नर झाले! पुढच्या वर्षीही कुणाला बहुमत नाही. विधिमंडळ ज्याच्या हाती, त्याचा गव्हर्नर. म्हणून गार्सेलन यांच्या मंडळानं नावातल्या आद्याक्षरांसारख्या किरकोळ चुका काढून विरोधी रिपब्लिकन पक्षाचे निकाल बाद केले. जानेवारी १८८० मध्ये राजधानी ऑगस्टात हत्यारबंद माणसं जमली. राज्याची मिलिशिया जनरल जोशुआ चेंबरलेन यांच्या हाताखाली होती, पण त्यांनी ती रस्त्यावर आणली नाही. पोलिसांच्या बळावर त्यांनी बारा दिवस विधानभवन राखलं आणि न्यायालयाचा कौल येईपर्यंत कुठल्याच बाजूला दाद दिली नाही. गेटिसबर्गच्या लढाईतल्या पराक्रमापेक्षा मला त्यांचा हा संयम मोठा वाटतो.

त्याच वर्षी लोकांनी घटना बदलली: ज्याला सर्वांत जास्त मतं, तो गव्हर्नर. त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं.

२०१० मध्ये मात्र पॉल लपेज ३८ टक्क्यांहून कमी मतांवर गव्हर्नर झाले. अपक्ष एलियट कटलर थोडक्यात मागे राहिले. मतं फुटल्याची ती सल पुढे २०१६ च्या सार्वमतात उतरली आणि लोकांनी पसंतीक्रमाचं मतदान स्वीकारलं. पुण्यात पदवीधर मतदारसंघात १, २, ३ असे आकडे लिहून मत दिलेल्या मला ही पद्धत नवी नव्हती. शेवटचा उमेदवार बाद होतो, त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात.

२०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मत दिलं, की १८८० ची ती तरतूद आड येते. विधिमंडळानं अंमलबजावणी लांबवली, तेव्हा लोकांनी सह्या गोळा करून जून २०१८ मध्ये मतपेटीतूनच तो निर्णय फिरवला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) एका जागेवर पहिल्या फेरीत मागे असलेले जेरेड गोल्डन पुढच्या पसंतीच्या मतांवर ब्रूस पोलिक्विन यांच्या पुढे गेले. ती जागा केंद्राची, म्हणून राज्यघटनेचा अडसर आला नाही.

राज्याच्या निवडणुकीत पक्षांतर्गत फेरीला पसंतीक्रम चालतो, नोव्हेंबरच्या गव्हर्नरपदाला नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती हवी: दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं आणि मग लोकांचा कौल. ती व्हावी, असं मला मनापासून वाटतं. १८८० च्या मतदारांनी आपल्या संकटावर उपाय शोधला होता. आजच्या मतदारांनाही तो हक्क आहे.