एक संच, तीन सभा

विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई आकाशवाणीचा जो दिवस बसला, त्याला बीबीसीची नक्कल म्हणण्याची पद्धत आहे. तसं म्हणायला जागाही आहे. १९३५ मध्ये हिंदुस्थानातल्या प्रसारणाचा कारभार बीबीसीतून आलेल्या लायनेल फील्डन यांच्याकडे गेला आणि पुढच्याच वर्षी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडलं. तिकडे १९४० पासून कारखान्यांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ आणि १९४६ पासून बायकांसाठी ‘वुमन्स अवर’. इकडे ‘कामगार सभा’ आणि ‘वनिता मंडळ’. पण नावांच्या जोड्या लावता आल्या म्हणून दिवसांची जोडी जमत नाही. मुंबईच्या रेडिओचा दिवस घडला तो संचांच्या टंचाईतून आणि गिरण्या-कारखान्यांच्या पाळ्यांतून, असं मला वाटतं.

आकडे बोलके आहेत. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आकाशवाणीची केंद्रं ६ होती आणि देशभरात संच होते जेमतेम पावणेतीन लाख. त्याच सुमारास पाच कोटींच्या आसपास वस्तीच्या ब्रिटनमध्ये रेडिओचे एक कोटीहून जास्त परवाने होते. घरोघरी संच असला की प्रसारकाला आवडीनुसार वाहिन्या पाडता येतात. बीबीसीने दुसऱ्या महायुद्धानंतर नेमकं तेच केलं: करमणुकीला ‘लाइट प्रोग्रॅम’, बातम्या आणि भाषणांना ‘होम सर्व्हिस’, जड संगीत-साहित्याला ‘थर्ड प्रोग्रॅम’. ज्याला जे रुचेल त्याने ते लावावं. मुंबईत ही चैन परवडणारी नव्हती. इथे परवाना पोस्टात जाऊन दरवर्षी नवा करायचा, भिंतीवर जाळीची एरियल पट्टी ताणायची, बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. आणि एवढं करून समोर बसणार ते सासऱ्यापासून नातवापर्यंत सगळं घर, वर शेजारीही. मग एकाच संचापुढे कोणत्या वेळी कोण बसलेलं असेल, याचा अंदाज बांधून दिवसाच्या वाटण्या झाल्या.

सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा प्रसारणाच्या तीन सभा, आणि मधल्या वेळेत संच मुका. सकाळी घर भरलेलं असायचं, म्हणून तिथे कोणा एका वर्गाचं नाव नसे. भक्तिगीतं आणि बातम्या सगळ्यांच्याच. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ सुरू केलं, तेही सकाळीच, आठवड्याला एक नवं गीत याप्रमाणे ५६ गीतं. दुपारी पुरुष कामावर, पोरं शाळेत, स्वयंपाकघराची झाकपाक झालेली. ती वेळ ‘वनिता मंडळा’ची. संध्याकाळ कामगारांची. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातच्या सुमारास लागून दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटे, हे लक्षात घेतलं की ‘कामगार सभे’ची वेळ कुठून आली ते कळतं. आणखी एक गोष्टही कळते: रेडिओचा कामगार हा मुख्यतः पहिल्या पाळीचा. दुसऱ्या पाळीचा माणूस त्या वेळी साच्यावर उभा असे, त्याच्यासाठी भरवलेली सभा त्याच्याशिवायच पार पडे.

पन्नाशीच्या दशकात हा श्रोता गिरणगावाबाहेरही पसरत होता. आग्रा रोडच्या कडेने कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग लागत गेली. भांडुप-नाहूरच्या पट्ट्यात दशकाच्या उत्तरार्धात एशियन पेंट्स आणि सिएट आले. पाळी इथेही होती, भोंगा इथेही होता. त्यामुळे परळच्या चाळीसाठी आखलेली संध्याकाळ नाहूरलाही लागू पडली.

यावर सरळ आक्षेप असा, की हे सारं सरकारी शहाणपण होतं आणि श्रोत्याने ते धुडकावलं. माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी चित्रपटसंगीताला आखडतं घेताच लोक रेडिओ सिलोनकडे वळले, १९५२ पासून ‘बिनाका गीतमाला’ ऐकू लागले आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. आक्षेप खरा आहे, पण तो गाण्यांच्या निवडीवर बसतो, वेळेच्या वाटणीवर नाही. ‘कामगार सभे’त गाणी होतीच, आणि प्रभाकर जोशी, नीलम प्रभू, बाळ कुडतरकर यांच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतल्या टेकाडे भावोजी आणि मीनावहिनी यांना घराघरात मान होता. उपदेश त्यातही असे. शेतकऱ्यांना नवी शेती शिकवण्याचा हेतू ठेवून बीबीसीने चालवलेल्या ‘द आर्चर्स’मध्येही तो होताच, श्रोता गोष्टीसाठी बसतो आणि उपदेश पदरात पडला तर पडू देतो. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो: बाईला दुपार आणि पुरुषाला संध्याकाळ देऊन रेडिओने घरातली जुनी विभागणीच पक्की केली. गिरण्यांत बायकाही होत्या, आणि कांडीखात्यात वा नळीखात्यात असलेल्या बाईला ‘वनिता मंडळ’ ऐकायला दुपार मोकळी कुठली? याला माझ्याकडे उत्तर नाही. गृहीत धरलेली वनिता घरात असणारी होती, हे मान्यच करावं लागतं.

ही वाटणी ढिली केली ती ट्रान्झिस्टरने. साठीच्या दशकात संच भिंतीवरून सुटून हातात आला, गोदीत आणि पानाच्या गादीवर वाजू लागला, आणि अमक्या वेळी अमकाच समोर असेल हा हिशेब चुकू लागला. १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे आणि नागपूरमध्ये ‘विविध भारती’वर जाहिराती सुरू झाल्या. जाहिरातदाराला पहिल्या पाळीशी देणंघेणं नव्हतं. साबण घेणारा कोणत्याही पाळीचा चालत होता.