दवंड्याच्या टेकडीवरील विमान

जुलैतला सह्याद्री कसा असतो, हे साताऱ्यास राहणाऱ्याला सांगावयास नको. एरवी शहरावर उभा असलेला अजिंक्यतारा या दिवसांत कित्येकदा भर दुपारीही दिसत नाही. रात्रीची गोष्ट तर निराळीच. अशाच पावसाळी दिवसांत, ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्र उलटते न उलटते तोच, जुन्नरच्या बाजूस दवंड्याच्या टेकडीवर एक प्रवासी विमान आदळले. आतील ९४ जणांपैकी एकही वाचला नाही.

विमान इटलीच्या अलितालिया कंपनीचे, डीसी-८ जातीचे जेट होते. सिडनीहून निघालेले हे विमान बँकॉकवरून मुंबईस येत होते आणि पुढे कराची, तेहरान करीत रोमला जाणार होते. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला रोममध्ये दुसरी व्हॅटिकन महासभा सुरू झाली. १९६२ म्हटले की आम्हा धर्मगुरूंना तीच आठवते. रोमच्या वाटेवर आपल्याच डोंगरात संपलेले हे प्रवासी नव्हेत.

पूर्वेकडून मुंबईस येणाऱ्या विमानाला दख्खनचे पठार व घाटमाथा ओलांडावा लागतो. त्यापलीकडे जमीन एकदम खाली उतरून कोकण लागते. चालकाची समजूत अशी झाली की, मुंबई अगदी जवळ आली. प्रत्यक्षात ती सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. त्याने विमान खाली आणले व ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० फुटांवर टेकडीस धडकले. माथा तेथून अवघा ५ फूट वर होता.

चौकशीत मार्गक्रमणाची चूक हे कारण ठरले. स्थाननिश्चितीची उपलब्ध साधने वापरली नाहीत, किमान सुरक्षित उंची मोडली आणि चालकास या मुलखाची ओळख नव्हती, असेही नमूद झाले. यातील शेवटची बाब मला अधिक बोचते. उरलेल्या चुका चालकाच्या म्हणता येतील. पण अनोळखी डोंगरांवरून रात्री, पावसाळ्यात जाण्याची वेळ त्याच्यावर आली, याचा जाब एकट्या त्याला कसा विचारावा?

१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ असेच लवकर उतरू लागलेले विमान डोंगरास धडकून ९२ जण मरण पावले. त्यानंतर तेथे मोठ्या प्रवासी विमानांत भूसमीपतेचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. जमीन धोकादायकरीत्या जवळ येताच ते मोठ्या आवाजात चालकास विमान वर घेण्यास सांगते. दवंड्याच्या टेकडीकडे येणाऱ्या विमानात असा आवाज नव्हता.