तहान लागण्याआधीची विहीर

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फीनिक्स आणि टूसॉन या दोन शहरांच्या मध्ये पिनाल नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये या जिल्ह्यावर चमत्कारिक वेळ आली. ओबामांच्या आरोग्य कायद्याखाली उभ्या राहिलेल्या सरकारी विमा-बाजारात पुढच्या वर्षासाठी पॉलिसी विकायला तिथे एकही कंपनी उरली नाही. एटना या बड्या कंपनीने माघार घेतली आणि जिल्हा रिकामा झाला. कायदा लागू होता, हप्त्यासाठी सरकारी अनुदान मंजूर होते, घेणारे लोकही तयार होते. फक्त दुकानाला कुलूप होते. सप्टेंबरात ब्लू क्रॉस ब्लू शील्ड ऑफ ॲरिझोना ही कंपनी पुढे आली म्हणून नामुष्की टळली. तरीही लोकांपुढे पर्याय उरला तो एकच.

लोकांना विम्याची निवड मिळावी म्हणून केलेल्या कायद्यातच ती निवड का आटली, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या डोक्यात ठाण मांडून आहे. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही की डॉक्टरही नाही. जुने अहवाल, कायदे आणि निकालपत्रे वाचायची आवड, एवढेच माझे भांडवल. या विषयावर अमेरिकेत दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, सरकारने हात घातला की असेच होणार. दुसरा म्हणतो, विरोधकांनी कायदा बुडवला. इतिहास क्रमाने पाहिला, तर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

पगाराला बांधलेला विमा

सुरुवात १९२९ पासून करावी लागते. टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार जस्टिन फोर्ड किंबॉल यांच्याकडे होता. शाळाशिक्षकांची बिले थकत होती. त्यांनी योजना काढली : शिक्षकाने महिन्याला ५० सेंट भरायचे आणि गरज पडल्यास वर्षात २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार घ्यायचे. पुढे देशभर पसरलेल्या ‘ब्लू क्रॉस’चे मूळ या योजनेत आहे. तिची मेख अशी की गट आधीपासून बांधलेला होता. लोक शिक्षक म्हणून एकत्र आलेले होते, आजारी म्हणून नव्हे. धडधाकट आणि दुखणाईत, दोघेही वर्गणी भरत होते.

दुसरे वळण महायुद्धात आले. १९४२ मध्ये महागाई रोखण्यासाठी अमेरिकी सरकारने पगारवाढ गोठवली. कामगारांचा तुटवडा होता आणि पगार वाढवता येत नव्हता. आरोग्य विम्यासारख्या सोयींवर मात्र तशी बंदी नव्हती. मग कारखानदारांनी माणसे टिकवायला विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने अशा विम्यावरची करमाफी पक्की केली आणि अमेरिकी माणसाचा आरोग्य विमा त्याच्या नोकरीला कायमचा बांधला गेला. आपल्यापैकी ज्यांची मुले-भाचरे न्यू जर्सीत किंवा टेक्सासात नोकरीला आहेत, त्यांना हे सांगायला नको. नोकरी गेली की पगाराआधी विम्याची चिंता सुरू होते.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९ नोव्हेंबर १९४५ रोजी सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मिसुरीतल्या इंडिपेंडन्स या ट्रुमन यांच्या गावी जाऊन मेडिकेअर आणि मेडिकेडच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअरचे पहिले कार्ड ट्रुमन यांनाच मिळाले. वृद्धांची सोय झाली, काही गरिबांचीही झाली. मधले लोक राहिले : शेतकरी, छोटे दुकानदार, स्वतंत्र धंदा करणारे, विमा न देणाऱ्या मालकाकडचे नोकर. त्यांना एकेकट्याने विमा विकत घ्यावा लागे आणि कंपनी आधी त्यांच्या दुखण्यांची यादी मागे. मधुमेह असेल, कर्करोग होऊन गेला असेल, तर अनेकदा नकारच मिळे.

दोन राज्यांचा धडा

यावरचा सरळ उपाय म्हणजे नकार देण्याला कायद्याने बंदी करणे. न्यू यॉर्क राज्याने १९९३ पासून तेच केले. आजारी असो वा निरोगी, प्रत्येकाला पॉलिसी द्यायची आणि हप्ता सारखाच ठेवायचा. विमा घेतलाच पाहिजे, अशी सक्ती मात्र नव्हती.

पुढे काय झाले ते कोणत्याही भिशी चालवणाऱ्याला कळेल. विमा कधीही मिळणार असेल, तर निरोगी माणूस आज पैसे कशाला भरेल? आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला हसतात. इथे तर तहान लागेल त्या दिवशी तयार विहीर मिळण्याची कायद्यानेच हमी दिली होती. निरोगी बाहेर पडले, आजारी उरले, खर्च वाढला, हप्ता वाढला. वाढलेल्या हप्त्यामुळे उरलेल्यांतले त्यातल्या त्यात बरे असलेलेही निघून गेले. वीस वर्षांत न्यू यॉर्कमधला हा वैयक्तिक बाजार आटत आटत वीस हजार माणसांच्या आत आला.

वॉशिंग्टन राज्याने १९९३ मध्ये हमी आणि सक्ती दोन्ही असलेला कायदा केला. १९९५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने सक्ती काढून टाकली आणि हमी ठेवली. १९९९ संपेपर्यंत राज्याच्या बहुतेक भागात नव्या ग्राहकाला वैयक्तिक पॉलिसी विकणारी कंपनी राहिली नव्हती.

तीन पाय

२०१० च्या कायद्याची रचना या अनुभवावर आणि मॅसॅच्युसेट्सच्या २००६ च्या कायद्यावर उभी होती. पहिला पाय : कोणालाही नकार नाही आणि वृद्धाचा हप्ता तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त नाही. दुसरा पाय : प्रत्येकाने विमा घ्यायचा, नाहीतर दंड भरायचा. तिसरा पाय : ज्यांना हप्ता परवडत नाही त्यांना अनुदान. तीन पायांचे स्टूल खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, पण त्यातला एक पाय आखूड असला की बसणारा पडतो.

दंडाचा पाय आखूडच होता. २०१४ मध्ये दंड ९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा १ टक्का, यांतला जो मोठा तो. २०१६ मध्ये तो ६९५ डॉलर किंवा अडीच टक्के झाला. अनेक तरुणांच्या हिशेबात दंड हप्त्यापेक्षा स्वस्त पडत होता. अनुदानाच्या पायालाही तुटका कडा होता. दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंत अनुदान मिळे, त्याच्या एक डॉलर वर गेले की शून्य. हप्ते वाढले तेव्हा अनुदानवाल्यांची झळ सरकारने सोसली. कडेच्या पलीकडच्या मध्यमवर्गाने ती पूर्ण सोसली.

शिवाय कंपन्यांनी पहिले हप्ते अंदाजाने ठरवले होते. आजवर विम्याबाहेर राहिलेली माणसे किती आजारी असतील याचा हिशेब कोणाकडेच नव्हता. हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून पहिल्या तीन वर्षांसाठी त्यांनी तोट्याची वाटणी ठरवली : ज्या कंपनीला अंदाजापेक्षा जास्त नफा होईल तिने काही भाग सरकारकडे भरायचा, जिला जास्त तोटा होईल तिला सरकारने द्यायचा.

शंभराला साडेबारा

माझ्या मते या कहाणीचा कणा इथे आहे. डिसेंबर २०१४ मध्ये संसदेने खर्चाच्या विधेयकात एक कलम घातले. त्यानुसार या वाटणीसाठी सरकारला दुसऱ्या खात्यातले पैसे वापरता येणार नव्हते. जमा होईल तेवढेच वाटायचे. २०१४ च्या तोट्यापोटी कंपन्यांची मागणी होती २८७ कोटी डॉलर आणि जमा झाले होते ३६ कोटी २० लाख. ऑक्टोबर २०१५ मध्ये सरकारने जाहीर केले की मागणीच्या १२.६ टक्केच मिळतील.

बड्या कंपन्यांनी हा फटका पचवला. मेल्या त्या छोट्या. बड्यांना स्पर्धा मिळावी म्हणून याच कायद्याने ग्राहकांच्या सहकारी विमा संस्था काढल्या होत्या. सरकारी कर्जावर अशा २३ संस्था सुरू झाल्या. त्यांच्याकडे जुनी गंगाजळी नव्हती की रुग्णांचा जुना हिशेब नव्हता. आयोवा आणि नेब्रास्कातली कोऑपॉर्च्युनिटी ही संस्था डिसेंबर २०१४ मध्येच विमा नियामकाने ताब्यात घेतली. २०१५ संपेपर्यंत २३ पैकी १२ बंद झाल्या किंवा बंद पडण्याच्या मार्गावर होत्या. सहकारी संस्था कशा उभ्या राहतात आणि येणे वेळेवर न आल्याने कशा बुडतात, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे समजावायला नको.

२७ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने निकाल दिला की सरकारने शब्द दिला होता आणि पैसे द्यावेच लागतील. तिन्ही वर्षांचे मिळून येणे सुमारे १,२०० कोटी डॉलर होते. तोवर बहुतेक सहकारी संस्था अवसायनात निघाल्या होत्या. न्याय मिळाला, पण तो घ्यायला बहुतेक संस्था उरल्या नव्हत्या.

मग माघारीची रांग लागली. एप्रिल २०१६ मध्ये युनायटेड हेल्थने बहुतेक राज्ये सोडायचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये एटनाने १५ पैकी ११ राज्यांतून पाय काढला. फेब्रुवारी २०१७ मध्ये ह्युमानाने पूर्ण निरोप घेतला. ॲरिझोनात २०१७ साठी आधारभूत पॉलिसीचा हप्ता ११६ टक्क्यांनी वाढला. २०१८ मध्ये देशातल्या जवळपास निम्म्या काउंट्यांत एकच कंपनी होती.

तरीही बाजार मेला नाही

इथवर वाचून कायदा फसला असे कोणी म्हणेल, तर पुढचे आकडेही पाहावेत. विमा नसलेल्यांची संख्या २०१० मधल्या सुमारे ४ कोटी ८० लाखांवरून २०१६ पर्यंत ३ कोटींच्या आत आली होती. जुलै २०१७ मध्ये कायदा मोडीत काढायचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. वाढलेल्या हप्त्यांमुळे कंपन्यांना पुन्हा नफा दिसू लागला आणि त्या परतल्या. २०२१ पर्यंत एकाच कंपनीच्या काउंट्या दहांत एक एवढ्या राहिल्या. त्याच वर्षी अनुदानाचा तो तुटका कडा २०२२ अखेरपर्यंतच्या मुदतीने बुजवला गेला, २०२२ मध्ये ती मुदत २०२५ अखेरपर्यंत वाढली आणि २०२५ मध्ये नोंदणी सुमारे २ कोटी ४० लाखांवर गेली. २०१९ पासून केंद्र सरकारचा दंड शून्य झाला होता, तरी बाजार कोसळला नाही. दंडाच्या काठीपेक्षा अनुदानाचा हात लोकांना जास्त काळ धरून ठेवतो, असा अर्थ मी यातून काढतो. पण हाताला मुदत घातली की भीतीही मुदतीसह परत येते. मे २०२५ मध्ये एटनाने पुढच्या वर्षासाठी पुन्हा एकदा या बाजारातून निघायचे जाहीर केले.

आपल्या दारात

हा सारा दूरदेशीचा इतिहास आपल्या कामाचा आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, ती विमा कंपनीला हप्ता देऊनच. पुढे ती महात्मा फुले यांच्या नावाने चालली. खासगी पॉलिसीत आपल्या विमा नियामकाने २०२४ मध्ये ६५ वर्षांच्या वयोमर्यादेची अट काढली आणि जुन्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ ४८ महिन्यांवरून ३६ वर आणला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागेल, असे ठरले. ही पावले माणुसकीची आहेत आणि मला ती हवीच आहेत. पण न्यू यॉर्कचे पहिले पाऊलही माणुसकीचेच होते.

म्हणून यापुढे कोणत्याही सरकारने, कोणत्याही पक्षाच्या, आरोग्य विम्याची घोषणा केली की आपण तीन गोष्टी विचाराव्यात. निरोगी माणसे यात का येतील आणि का टिकतील? पहिल्या दोन-तीन वर्षांचा तोटा कोण सोसणार आणि ते पैसे अर्थसंकल्पात कुठे लिहिले आहेत? आणि मोठ्या कंपन्या निघून गेल्या, तर तालुक्याच्या गावात कोण उरेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे तरी सरकारी दवाखाना हेच आहे. म्हणून विम्याच्या हप्त्यासाठी दवाखान्याच्या तरतुदीला हात लावला जात असेल, तर त्यावर सर्वांत आधी बोट ठेवायला हवे.